बोटाला लागला, तरी आऊट कसा? प्लेटवरच्या एका निर्णयाची चिरफाड

बेळगावात बेसबॉल म्हटलं की अजूनही लोक आधी विचारतात, "म्हणजे तो क्रिकेटसारखाच ना?" विचारणाऱ्याला काय दोष द्यायचा? लेले मैदान असो, व्हॅक्सिन डेपोची मोकळी जागा असो की खानापूरकडच्या शाळांमागची तांबडी पटांगणं, इथला पोर आधी टेनिस बॉलचं क्रिकेट खेळतो आणि मग क्रीडाशिक्षकाच्या हट्टापायी बेसबॉलची बॅट हातात धरतो. मी त्याच हट्टी शिक्षकांपैकी एक. सवड मिळेल तेव्हा प्लेटमागे, म्हणजे फलंदाजाजवळच्या पांढऱ्या पाटीमागे, अंपायर म्हणून उभाही राहतो. हे प्रकरण मी दिलेल्या एका निर्णयाचं आहे. निकाल चुकला की नाही हे मला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही. पण त्या निकालापर्यंत मी ज्या वाटेने गेलो ती चुकली होती, हे नक्की.

सामना शालेय निवडीचा होता. एक संघ शहरातल्या शहापूर-वडगाव भागातला, दुसरा खानापूर तालुक्यातला. शाळांची नावं मुद्दाम देत नाही. ऑगस्टचे दिवस होते. रात्रभर पाऊस पडून सकाळी उघडलं होतं, आणि फक्कीने आखलेल्या रेषा तासाभरातच लाल चिखलात विरघळत होत्या. अंपायर आम्ही दोघेच: प्लेटमागे मी आणि बेसवर कन्नड माध्यमाच्या शाळेतले एक शिक्षक. ते मराठी समजतात, मी कन्नड समजतो, आणि मैदानावर हाताच्या खुणांपलीकडे फारसं काही लागत नाही.

सातवी, म्हणजे शेवटची इनिंग. फलंदाजी खानापूरकरांची, आणि ते 4-5 ने मागे. दोन आऊट झालेले. रनर दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर. काउंट दोन बॉल, म्हणजे वाईट पडलेले चेंडू, आणि दोन स्ट्राईक; तिसरा स्ट्राईक झाला की फलंदाज आऊट. बॅटिंगला त्यांचा सगळ्यात चांगला मुलगा, उजव्या हाताने खेळणारा. गावच्या टेनिस बॉल संघातला सलामीवीर असावा, असं त्याचं पुढचा पाय टाकणं पाहूनच कळत होतं.

पिचरने चेंडू आत, फलंदाजाच्या अंगाकडे टाकला, छातीच्या जरा खाली. मुलाने बॅट पुढे काढली आणि अर्ध्यातच ओढून घेतली. "थप्प" असा आवाज झाला. चेंडू त्याच्या उजव्या हाताच्या बोटांवर आपटून पहिल्या बेसच्या बाजूला घरंगळला. मुलाने बॅट टाकली, हात झटकला, "सर, लागलं की ओ!" असं ओरडला आणि पहिल्या बेसकडे धावत सुटला. तिसऱ्या बेसवरचा रनर तोवर होम प्लेट ओलांडून गेला होता. खानापूरच्या बाकावर बरोबरी झाल्याचा जल्लोष सुरू झाला.

मी दोन्ही हात वर करून खेळ थांबवला. इथवर ठीक. पण त्याच झटक्यात माझा डावा हात पहिल्या बेसकडे गेला. म्हणजे फलंदाजाला चेंडू लागलाय, बेस घे, असं मी सांगून मोकळा झालो.

फलंदाजामागे बसून चेंडू पकडणारा कॅचर उठला. शांतपणे म्हणाला, "सर, त्यानं मारलाय. बेसच्या सरांना विचारा की." मी मास्क काढला आणि बेसवरच्या अंपायरांकडे बोट केलं. त्यांनी मूठ वळून दाखवली. स्विंग झाला, मुलाने मारण्याचा प्रयत्न केला, याची ती खूण. म्हणजे तिसरा स्ट्राईक, फलंदाज आऊट, सामना संपला, शहर जिंकलं.

पुढची पाच मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही, आणि त्यातली गंमतही विसरणार नाही. मी पहिल्या बेसकडे हात केला तेव्हा शहराच्या संघाचे शिक्षक धावत आले होते: "सर, ग्लोव्हला लागला म्हणजे बॅटला लागला. फाऊल द्या, काउंट तसाच ठेवा." मूठ वळल्यावर हेच वाक्य जसंच्या तसं खानापूरच्या शिक्षकांच्या तोंडून आलं: "ग्लोव्ह म्हणजे बॅटच ओ सर, असं काय करालाय? फाऊल द्या, पोरगा परत खेळू दे." दोघांनाही एकच नियम सोयीचा होता, पाळी तेवढी बदलली होती. आणि तो नियम बेसबॉलचा नव्हताच.

तो क्रिकेटचा आहे. क्रिकेटच्या कायद्यात बॅट धरलेला हात, म्हणजे ग्लोव्ह, बॅटचाच भाग मानतात. त्यामुळे ग्लोव्हला लागून झेल गेला की फलंदाज बाद. इथल्या प्रत्येक पोराच्या अंगात हे मुरलेलं आहे. बेसबॉलमध्ये हात हा हातच असतो. बॅट धरलेला असो वा नसो, तो शरीराचा भाग. चेंडू आधी बॅटला लागून मग बोटावर आला असता तर गोष्ट वेगळी, तो फाऊल झाला असता, म्हणजे तो चेंडू रद्द आणि काउंट तसाच. पण अॅल्युमिनियमच्या बॅटला चेंडू लागला की "ठण्ण" वाजतं आणि ते शेजारच्या रस्त्यापर्यंत ऐकू जातं. इथे ते वाजलं नव्हतं. शिवाय बोटं सुजायला लागली होती. म्हणजे हाताला लागला यात शंकाच नाही.

मग हाताला लागला तर बेस का नाही? खानापूरच्या मुलांचा हाच प्रश्न होता आणि तो रास्त आहे. नियमाची शब्दरचना नीट पाहिली तर फलंदाजाला पहिला बेस मिळतो तो "मारण्याचा प्रयत्न नसताना" चेंडू लागला तर. मारायला गेला आणि चुकून अंगावर घेतला, तर तो स्ट्राईक, आणि तो तिसरा असेल तर तिथेच आऊट. चेंडूही तिथेच मृत, म्हणजे खेळ तिथेच थांबला. म्हणून तिसऱ्या बेसवरून आलेली धाव धरत नाहीत. तिसरा स्ट्राईक कॅचरच्या हातून सुटला म्हणून पहिल्या बेसकडे पळण्याची जी मुभा असते, तीही इथे नाही, कारण चेंडू मृत झाल्यावर पळणार कुठे?

याच्याही पुढे एक बारीक कलम आहे. ते त्या दिवशी कुणालाच आठवलं नाही, मलाही नाही. फलंदाजाने बॅट हलवलीच नाही, पण चेंडू लागला तेव्हा तो स्ट्राईक झोनमध्ये, म्हणजे प्लेटच्या वर साधारण छाती ते गुडघ्याच्या पट्ट्यात असेल, तर तोही स्ट्राईकच. फलंदाजाने चुकवायचा प्रयत्न केला असला तरी. आमचा फलंदाज प्लेटला चिकटून उभा राहायचा, हात प्लेटच्या कडेवर आलेले असायचे. होम प्लेट 17 इंच रुंद असते. क्रिकेटच्या तीन स्टंपांची मिळून रुंदी 9 इंच, म्हणजे जवळजवळ दुप्पट. त्यातून चेंडूची नुसती कड प्लेटच्या कडेवरून गेली तरी स्ट्राईक, म्हणून प्रत्यक्षात झोन दोन्ही बाजूंना चेंडूएवढा आणखी पसरतो. "लेग स्टंपच्या बाहेर होता की" हा इथला हिशेब त्या रुंदीपुढे टिकत नाही. त्या चेंडूची उंची झोनमध्ये होती. आडव्या बाजूने तो प्लेटच्या कडेवरून गेला की चार बोटं आतून, हे मी पाहिलं नाही. माझे डोळे बॅटवर होते.

आणि चेंडू झोनबाहेर होता असं धरलं, तरी चौथी अट उरतेच: फलंदाजाने चुकवायचा प्रयत्न केला का? केला नसेल तर तो नुसता बॉल, बेस नाही. बॅट मागे ओढणं म्हणजे चुकवणं का? मला वाटतं, होय. पण यावर दोन अंपायर भांडू शकतात.

पाहा, दृश्य एकच, पण त्यात प्रश्न पाच: चेंडू बॅटला आधी लागला की हाताला, मारण्याचा प्रयत्न झाला का, चेंडू झोनमध्ये होता का, चुकवायचा प्रयत्न झाला का, आणि रनर कुठे परत पाठवायचे. हे सगळं साधारण पाऊण सेकंदात. पिचरच्या पाटीपासून प्लेटचं अंतर 60 फूट 6 इंच, आणि ताशी 100 किलोमीटरने येणारा चेंडू ते पाऊण सेकंदाच्या आत कापतो. पण बघायला वेळ कमी असला तरी सांगायला वेळ कमी नसतो. हात वर केले, खेळ थांबला, की मग अर्धा मिनिट विचार करायला कुणाची बंदी आहे? मी ते केलं नाही. "लागलं की ओ" हे ऐकलं, मुलाला हात झटकताना पाहिलं, आणि माझा हात आपोआप गेला. वेदना खरी होती. पण वेदनेवरून स्विंग कळत नाही.

आता स्विंगचं. लोकांना वाटतं की बॅट प्लेटच्या पुढच्या कडेपलीकडे गेली की स्विंग, किंवा मनगट वळलं की स्विंग. हे ठोकताळे अंपायर वापरतात, मीही वापरतो. पण नियमात अशी कुठलीच रेषा आखलेली नाही. फलंदाजाने चेंडू मारायचा प्रयत्न केला का, एवढाच प्रश्न, आणि उत्तर अंपायरच्या मतावर. म्हणून याला निवाड्याचा निर्णय म्हणतात. बॉल की स्ट्राईक, सेफ की आऊट, फेअर की फाऊल यांसारखाच. बेसबॉलच्या नियमपुस्तकातला नियम 8.02 सांगतो की असा निर्णय अंतिम. त्यावर खेळाडू, प्रशिक्षक कुणीही हरकत घ्यायची नाही, आणि बॉल-स्ट्राईकवर भांडायला बाकावरून निघालेल्याला आधी ताकीद, मग बाहेरचा रस्ता. नियम चुकीचा लावला असेल तर तेवढं जरूर विचारता येतं. दोन्ही शिक्षकांनी ग्लोव्हची गोष्ट काढली ती या अर्थाने कायदेशीर होती, फक्त कायदा दुसऱ्या खेळाचा होता.

अर्ध्या स्विंगसाठी मात्र एक खिडकी ठेवलेली आहे. प्लेट अंपायरने स्विंग दिला नाही, तर बचाव करणारा संघ, कॅचर किंवा प्रशिक्षक, बेसवरच्या अंपायरला विचारायची विनंती करू शकतो. प्लेट अंपायरने स्ट्राईक दिला असेल तर फलंदाजाच्या बाजूला ही सोय नाही. एकतर्फी वाटते खरी, पण आहे तशी आहे. तेव्हा कॅचरने विचारलं ते बरोबर, मी बोट केलं तेही बरोबर, आणि बेसच्या अंपायरांनी मत दिलं तेही बरोबर. कागदावर सगळं नियमाप्रमाणे झालं.

कागद बाजूला ठेवला तर एक भोक दिसतं. दोन अंपायरांच्या पद्धतीत रनर दुसऱ्या-तिसऱ्या बेसवर असले की बेस अंपायर पिचरच्या मागे, तिसऱ्या बेसच्या अंगाला उभा राहतो. तिसऱ्या बेसवरच्या खेळावर त्याची नजर हवी असते म्हणून. उजव्या हाताने खेळणारा फलंदाज प्लेटच्या तिसऱ्या बेसकडच्या बाजूला उभा असतो आणि त्याचं तोंड पहिल्या बेसकडे असतं. म्हणजे त्या जागेवरून अंपायरला दिसते ती फलंदाजाची पाठ. बॅट कुठवर गेली हे पहिल्या बेसच्या बाजूने छान दिसतं, तिथून दिसायला कठीण. मोठ्या सामन्यात चार अंपायर असतात, उजव्या फलंदाजासाठी पहिल्या बेसवाल्याला विचारतात. आमच्याकडे दोघंच. मी विचारलं अशा माणसाला, ज्याला माझ्यापेक्षा कमी दिसत होतं.

मग विचारलं का?

इथे तिसऱ्या इनिंगकडे जावं लागतं. त्या वेळी हाच मुलगा बॅटिंगला होता. पिचरने बाहेरच्या कोपऱ्यावर, गुडघ्याच्या थोडा वर एक वळणारा चेंडू टाकला. कॅचरने तो चांगला हातभर बाहेर पकडला, पण प्लेटचा कोपरा चेंडूने चाटला होता. मी स्ट्राईक दिला. मुलाने मान फिरवून माझ्याकडे पाहिलं, "सर, हा कुठला स्ट्राईक?" असं म्हणाला, आणि बॅटच्या टोकाने लाल मातीत प्लेटच्या बाहेर एक रेघ ओढली. चेंडू इथे होता, हे सगळ्या मैदानाला दाखवायला.

फलंदाजाला कॅचरचा ग्लोव्ह जिथे थांबला ती जागा दिसते. अंपायरने पाहायची असते ती प्लेटवरची जागा. त्यामुळे मुलाला मनापासून तो बॉल वाटला असेल. पण रेघ ही गोष्ट वेगळी. अमेरिकेत व्यावसायिक सामन्यात मातीत अशी रेघ ओढणारा फलंदाज बहुधा थेट बाहेर जातो. तोंडाने तो काहीही बोलला नसला तरी. विचारण्याची रीत आहे: मान न वळवता, पिचरकडे पाहत, ओठ न हलवल्यासारखं. "सर, हा खाली होता का?" असं म्हटलं तर मीही तसंच उत्तर देतो आणि कुणाला पत्ता लागत नाही. मान वळली की तोच प्रश्न बाकाला, आईबापाला आणि चिंचेखाली बसलेल्या मामांना ऐकू जातो, आणि मग तो प्रश्न राहत नाही. अंपायरचीही अशीच रीत आहे. काही सांगायचं असेल तर प्लेटच्या पुढे यायचं, मैदानाकडे पाठ करायची, वाकून प्लेट झाडायची आणि झाडता झाडता बोलायचं. मी गणपत गल्लीतून आणलेल्या दोन इंची रंगाच्या ब्रशने प्लेट झाडली आणि हळूच म्हणालो, "रेघ पुसून टाक. परत ओढलीस तर बसावं लागेल." त्याने बुटाने पुसली. विषय तिथे संपला असं मला वाटलं.

गावच्या टेनिस बॉल सामन्यात अंपायर बॅटिंग करणाऱ्या संघाचाच असतो. भाऊ, नाहीतर शेजारचा अण्णा. तिथे आऊट हा निकाल नसून चर्चेची सुरुवात असते. "लागला होता काय रे?" "नाही बा, पायाला." शेवटी जो जास्त ओरडेल त्याचं खरं. त्या शाळेत शिकलेला मुलगा प्लेटवर आला की अंपायरला पटवून सांगणं हा त्याला खेळाचाच भाग वाटतो. हा उद्धटपणा नाही. पण त्याची किंमत त्यालाच द्यावी लागते. त्या शेवटच्या चेंडूवर लागल्याबरोबर तो ओरडत पहिल्या बेसकडे पळाला नसता, बॉक्समध्येच हात धरून उभा राहिला असता, तर माझ्या नजरेला बॅट अजून काही क्षण मिळाली असती.

किंमत मीही वसूल केली का? याचं उत्तर द्यायला मला फार दिवस लागले. माझा पहिला हात "लागला, बेस घे" असा गेला होता. म्हणजे माझ्या डोळ्यांनी स्विंग पाहिला नव्हता. कॅचरने विचारलं तेव्हा मी "नाही, स्विंग नव्हता" या मतावर उभा राहून औपचारिक म्हणून बोट करायला हवं होतं. प्रत्यक्षात मी मास्क काढून, जोरात, जणू जबाबदारी झटकून टाकावी तसं बोट केलं. समोरचा कॅचर सभ्य होता, मान न वळवता बोलणारा. तो फलंदाज रेघ ओढणारा होता. ही तुलना त्या क्षणी मनात झाली नाही, असं मी शपथेवर सांगू शकत नाही.

या विषयावर बोलताना अनेक जण 2 जून 2010 चा डेट्रॉइटचा सामना आठवतात. पिचर अरमांडो गालारागाचा परफेक्ट गेम, म्हणजे समोरच्या संघाचा एकही फलंदाज बेसवर पोहोचू न देता जिंकलेला सामना, एका आऊटवर आला होता, पहिल्या बेसवर अंपायर जिम जॉइसने रनरला सेफ दिलं, रिप्लेमध्ये तो स्पष्ट आऊट दिसला. जॉइसने चूक कबूल केली, दुसऱ्या दिवशी गालारागानेच संघाची यादी त्याच्या हातात आणून दिली. सुंदर प्रसंग. पण आमच्या प्रकरणाला तो लागू नाही. तिथे सत्य कॅमेऱ्यात होतं. इथे चारही बाजूंनी कॅमेरे असते तरी नियमात रेषाच नाही, तर रिप्ले कशाशी ताडून पाहणार? 2026 पासून मेजर लीगमध्ये बॉल-स्ट्राईकवर यंत्राकडे दाद मागता येते, कोरियाच्या लीगने तर 2024 मध्येच झोन यंत्राकडे सोपवला. पण झोन मोजणं वेगळं आणि मुलाच्या मनात मारायचं होतं का हे ठरवणं वेगळं.

शेवटचं भांडण संपल्यावर त्या मुलाने परत येऊन प्लेटसमोर आणखी एक रेघ ओढली, लांबलचक, आणि हेल्मेट फेकलं. सामना संपला होता, म्हणून मी अहवालात ते लिहिलं नाही. ती माझी दुसरी चूक. दया म्हणून सोडलं नव्हतं, मला तिथून लवकर निघायचं होतं.

पुढे डिसेंबरात खानापूरच्या एस.टी.त बेसवरचे ते अंपायर भेटले. विषय निघालाच. मी विचारलं, "खरं सांगा सर, तुम्हाला बॅट दिसली होती?"

ते खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "पाठ दिसली. आवाज ऐकला. तुम्ही एवढ्या जोरात बोट केलंत, मला वाटलं तुम्हाला स्विंगच दिसलाय, नुसती माझी मूठ हवी आहे."

गाडी नंदगड फाट्याला थांबेपर्यंत आम्ही ठरवलं. मी विचारताना हात खाली, खांद्याच्या वर जाणार नाही. आणि त्यांना दिसलं नसेल तर दोन्ही हात आडवे पसरून सेफची खूण करायची, म्हणजे स्विंग नाही. मग माझा पहिला निर्णय तसाच राहील, आणि शिव्या बसायच्या त्या मलाच बसतील.